ताईची पसंती आणि माझा 'हा'

हे कुणालाही सांगायचं नाही, असं काकूनं मला देवघरासमोर उभं करून बजावलंय. अक्षता पडेपर्यंत तर या विषयावर तोंडच उघडायचं नाही. पण तुम्ही मघापासून विचारताय, वर्षाताईनं नवरा कम्प्यूटरवर पसंत केला हे खरं का? आता यावर नुसतं 'हो' म्हणून मी गप्प कशी बसू? तुम्ही ताईच्या मैत्रिणी, म्हणजे घरातल्याच. घ्या, चहा घ्या. आणि जरा जवळ सरका, माझा आवाज लहान आहे. मी हजेरी देते तेव्हा बाई मला पुष्कळदा गैरहजर मांडतात. पण हा घोळ इतका मोठा आहे की माझ्या पोटात मावतच नाही.

मी मूळची दर्यापूरकडची. शाळेसाठी अकोल्याला काकांकडे राहते. घरात काका, काकू आणि त्यांची मुलगी वर्षाताई. मुलगा अमोलदादा अमरावतीला इंजिनियरिंगला, होस्टेलवर.

ताईसाठी स्थळं बघायला लागले, आणि सध्याचे दिवस तर तुम्हाला ठाऊकच आहेत. कापसाचं काही खरं नाही, सोयाबीनचं त्याहून नाही. पिकांच्या नुकसानीची पाहणी करायला रोज कुठल्या ना कुठल्या पथकाच्या गाड्या गावांतून धूळ उडवत जातात. मुलीचा बाप आधी नोकरी विचारतो आणि मग मुलाचं नाव. माझे बाबा स्वतः शेती करतात, तेसुद्धा काकांना फोनवर म्हणाले, "भाऊ, पोरीले शेतीवाला पाहू नका बरं." मी शेजारीच उभी होते. मला उगाच कसंतरी झालं. ते जाऊ द्या.

तर चार स्थळं निवडून ठेवली होती. अमरावतीचा, शिकवणीचा क्लास चालवणारा. मूर्तिजापूरचा, मेडिकलचं दुकान असलेला. अचलपूरचा, संत्र्याच्या कलमांची नर्सरी असलेला. आणि बडनेऱ्याचा, रेल्वेत तिकिटाच्या खिडकीवर बसणारा. काकांचा सगळा जीव रेल्वेत. पण मुलीच्या मनाविरुद्ध काही करायचं नाही, असं त्यांनी चार लोकांत जाहीर करून टाकलेलं. त्यामुळे त्यांची फार पंचाईत झाली होती.

आणि ताई? ताई बोलेल तर शपथ!

"वर्षे, फोटो पाह्यले ना? कोणता आवडला वं?" काकू विचारायची.

ताई खाली मान घालायची.

"अवं, नाव तं सांग!"

"मी नाही घेत नाव."

"कमाल हाय बाप्पा! लग्न नाही, कुंकू नाही, आन् आतापासूनच नाव नाही घ्यायचं?"

काकूला हे म्हणायचा काय अधिकार, मला कळत नाही. ती स्वतः काकांना 'हे' म्हणते. रेशनच्या दुकानात नाव विचारलं, तर शेजारणीला पुढे करते. तिच्याच मुलीनं आवडलेल्या मुलाचं नाव घ्यायला नकार दिला, यात नवल काय?

मग फोनवर अमोलदादानं तोडगा काढला. "शुभे, तू 'गोठ'मध्ये एक पान बनव. चार फोटो, चार बटणं. ताईनं एकटीनं खोलीत बसून एक बटण दाबायचं. बोलायचं कामच नाही!"

'गोठ' म्हणजे दादाचा कॉलेजचा प्रोजेक्ट. गोष्टीला आपण गोठ म्हणतो ना, ती. त्यानं कम्प्यूटरसाठी एक भाषा तयार केली आहे आणि तिचे सगळे शब्द वऱ्हाडी आहेत. ब्राउझरला आपलं बोलणं कुठलं कळतंय? त्याला त्याची जावास्क्रिप्ट लागते. म्हणून दादाचा प्रोग्राम मध्ये दुभाष्यासारखा उभा राहतो. आपण गोठमध्ये लिहायचं, त्यानं ब्राउझरच्या भाषेत सांगायचं. सुट्टीत दादानं मला सगळं शिकवलं होतं, कारण माझं टायपिंग शुद्ध असतं. ऱ्हस्वदीर्घाची चूक मला सहन होत नाही.

मी लिहिलं ते साधारण असं: 'पाहुण्यायतून एकेकाले घे, त्याले हा म्हण. त्याचं बटण बनव. बटण दाबलं का मंग हा जो असन त्याचं नाव कुपीत टाक.'

'एकेकाले घे' म्हटलं की गोठ ओळीतल्या माणसांना एकामागून एक पुढे बोलावते. पहिला येतो, त्याचं नाव 'हा'. तो गेला की दुसरा येतो, मग तो 'हा'. आणि 'मंग' म्हटलं की ते काम आत्ता करायचं नाही. बटण दाबलं जाईल तेव्हा करायचं. किती सोपं आहे, नाही?

दादानं एक ओळ आणखी घालायला सांगितली होती. 'मंग'च्या आधी दर वेळी 'गाठोडं बांध' असं लिहायचं. मला ती ओळ पटली नाही. सगळं तर लिहिलंय, मग हे गाठोडं कशाला? निबंधात एकच गोष्ट दोनदा आली की बाई लाल शाईनं 'पुनरुक्ती' लिहितात. मी ती ओळ काढून टाकली. पान कसं स्वच्छ दिसायला लागलं!

ताईची एकच अट होती. आपण दाबलेलं नाव आपल्यासमोर दिसता कामा नये. म्हणून बटण दाबलं की पडद्यावर फक्त 'झालं!' एवढंच यायचं. नाव कुपीत, म्हणजे कुलूपबंद फाइलीत, आणि कुपी उघडायचा शब्द फक्त मला ठाऊक.

मी पान तपासलं नाही असं समजू नका हं! तपासलं. शेवटचं बटण हाताशी होतं. दाबलं. कुपी उघडली. 'बडनेरा'. अगदी बरोबर! चारही बटणं एकाच साच्यातली. एक बरोबर म्हणजे सगळी बरोबर, नाही का?

हसू नका. पुढे ऐका.

ताई खोलीत गेली, दार लावलं, जरा वेळानं कानापर्यंत लाल होऊन बाहेर आली. मी कुपी उघडली आणि काका-काकूंना सांगितलं, "बडनेरा."

काका खुर्चीतून उठलेच. "मी म्हटलं नव्हतं? पोरगी माह्या वळणावर गेली!"

काकूनं मात्र डोळे बारीक केले. "त्याचा फोटो तं तिनं उलटाच ठेवला होता. अहो, खरं सांगा, तुमी तं नाही ना जाऊन दाबलं बटण?"

"मी? मले तं माउस धरता येत नाही!"

"म्हणूनच इचारून राहिली. हात पडला असन."

तिथून जो संशय घरात शिरला! काकूला काकांचा संशय. काकांना काकूचा संशय, की हिला अचलपूरची संत्री खुणावतात म्हणून ही खोडा घालते. मला दादाचा संशय, कारण त्याचा एक मित्र बडनेऱ्याचा आहे. मी ठरवलं, आपण ताईलाच गाठू. हळूच.

"ताई, तुला तोच ना गं?"

"तोच," ताई म्हणाली आणि उशीत तोंड खुपसलं.

झालं! आता याहून पक्कं काय पाहिजे? पण मला चैन पडेना. मी ताईवर लक्ष ठेवलं. आणि ती जे काही बोले ते मला जास्तच संशयास्पद वाटायला लागलं.

एकदा म्हणाली, "फोटोत त्याच्या हाताले माती लागली होती, पाह्यलं का? छान वाटलं मले."

रेल्वेच्या खिडकीत माती? मी मनात टिपून ठेवलं.

मग एकदा भाजी निवडताना, "एस्टीनं गेलं तं किती वेळ लागत असन गं?"

नवरा रेल्वेत आणि ही एस्टीनं जाणार? म्हणजे याला पास मिळत नाही की काय?

आणि परवा तर कहर झाला. नळ गेला होता, ताई रिकाम्या बादलीकडे बघत म्हणाली, "एवढ्या उन्हात त्याच्याकडे पाण्याचं कसं करत असतील? बारीक बारीक लेकरं असतात ती, एक दिवस पाणी नाही भेटलं तं मान टाकतात."

लेकरं! माझ्या हातातली मेथीची जुडी खाली पडली. त्याला लेकरं आहेत? आणि ताईला ते चालतं?

मी धावत काकूकडे. "काकू, तो खिडकीवर बसत नाही. हाताला माती असते त्याच्या, रुळांवर काम करत असेल. त्याला पास नाही. आणि त्याला..." मी आधी दार लोटून घेतलं. "त्याला मुलं आहेत."

"काय बोलून राहिली तू!"

"ताई स्वतः म्हणाली! बारीक बारीक आहेत!"

काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "मी सोता जाऊन पाह्यतो." दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन ते बडनेरा स्टेशनवर. तिकिटाच्या खिडकीसमोर, खांबाला टेकून. मुलगा खिडकीत बसलेला होता खरा. काका त्याच्याकडे बघतायत. तो तिकीट देतो, काका बघतायत. तो सुटे पैसे मोजतो, काका बघतायत. रांगेत उभे राहिले, नंबर आला तर तिकीट मागायचं सोडून विचारलं, "घरी कोण कोण असते तुमच्या?" तो बिचारा म्हणाला, "आई-बाबा आन् बहीण." काका म्हणाले, "बस? नीट आठवून सांगा." आणि मागच्या माणसानं ढकललं म्हणून बाजूला झाले.

घरी येऊन काकांनी निकाल दिला. "माती नाही, लेकरं नाही, सरकारी खुर्ची हाय. पोरी, तुले काहीबाही ऐकू येते. आता येत्या रविवारी बोलावतोच त्यायले."

पण माझा संशय गेला नव्हता हं! मी म्हटलं, खिडकीत बसून लेकरं कशी दिसतील?

रविवार उजाडला. बैठकीत बडनेऱ्याची मंडळी. पोह्यांचा वास. ताई आतल्या खोलीत, मोरपंखी साडीत, इतकी आनंदात की मी तिला असं कधी पाहिलंच नव्हतं. आरशात बघून स्वतःशीच हसत होती. काकूनं तिच्या हातात ट्रे दिला. ताई दारात गेली, हळूच मान वर केली...

आणि तशीच मागे फिरली. पोह्यांसकट!

"आई," ती आत येऊन कुजबुजली, "हा कोण?"

"हा कोण म्हणजे? थोच! तुनं पसंत केला थो!"

"हा नाही. तो!"

"अवं, तो म्हणजेच हा!"

"हा तो नाही, आई!" ताईच्या डोळ्यांत पाणी तरळायला लागलं. "मी ज्याच्यावर बटण दाबलं, तो नाही हा. तुमाले माहीत होतं ना, मग काहून फसवलं मले? बाबायले रेल्वेच पाह्यजे होती, तं मले कायले विचारलं?"

ट्रे माझ्या हातात देऊन ती पलंगावर जाऊन बसली. रडली नाही. पण हातातल्या बांगड्या एकेक करून काढायला लागली, आणि ते मला रडण्यापेक्षा वाईट दिसलं.

काका आत आले. त्यांना ताईचा संशय, की हिला कुणीतरी फूस लावली. काकू काकांवर धावली. आणि दोघांचं भांडण ऐन रंगात आलं तेव्हा, पहाटेच्या गाडीनं आलेला अमोलदादा म्हणाला, "थांबा. शुभे, ते पान उघड."

मी उघडलं. दादानं अमरावतीचं बटण दाबलं, कुपी उघडली. बडनेरा. मूर्तिजापूरचं दाबलं. बडनेरा. अचलपूरचं दाबलं. बडनेरा!

"माय!" काकू म्हणाली. "हा पोट्टा तं साऱ्याईच्या जागेवर बसला!"

दादानं माझ्या ओळी वाचल्या आणि कपाळावर हात मारला. "गाठोडं कुठं हाय?"

"ती पुनरुक्ती होती," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"कुठं गेली वं ती पुनरुक्ती?" काकूनं पलंगाखाली पाहिलं.

दादानं तिला समजावलं. "आई, पंगतीत एकच पाट हाय असं समज. त्यावर एकेक पाहुणा बसतो, उठतो. शुभी दर वेळी वाढप्याले सांगते, या पाटावर जो हाय ना, त्याले मंग लाडू वाढजो. वाढप्या म्हणतो, बरं. अमरावतीवाला बसला, उठला. मूर्तिजापूरवाला, अचलपूरवाला, तेही उठले. शेवटी बडनेऱ्याचा बसला, आन् पंगत संपली. मंग वाढप्या लाडू घेऊन आला. पाटावर कोण?"

"बडनेऱ्याचा!"

"कोणाच्याही नावचा लाडू असो, जाणार त्यालेच. कारण शुभीनं नाव कुठं सांगितलं? 'हा' म्हणून सांगितलं, आन् 'हा' एकच. गाठोडं बांधलं असतं तं दर लाडवासंग त्या त्या पाहुण्याचं नाव बांधून राह्यलं असतं."

काकूला एका दमात कळलं. मला दादानं सुट्टीत तीच गोष्ट कितीदा सांगितली होती, तेव्हा मी मान हलवली होती.

"मग वर्षे," काकू वळली, "तुहा 'तो' कोणता वं?"

ताईनं नाव घेतलंच नाही. उठली, अचलपूरच्या फोटोवर बोट ठेवलं आणि परत बसली.

माती! एस्टी! पाणी! आणि बारीक बारीक लेकरं म्हणजे संत्र्याची कलमं! आता सांगा, यात संशय घेण्यासारखं काय होतं? पण मला सगळं ऐकू येत होतं आणि कळत काहीच नव्हतं.

काकांनी फोटो उचलून डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाले, "शेतीच हाय शेवटी."

"बाबा, कलमं हायत," ताई म्हणाली. पहिल्यांदाच इतकं स्पष्ट. "आन् ते विहिरीवरून रोज सोता पाणी देतात, असं मध्यस्थ सांगत होते. मले चालते."

काका छत्री उचलून बाहेर गेले आणि बडनेऱ्याच्या मंडळींसमोर हात जोडले. तेवढ्यात छत्री पाहून तो मुलगाच ताडकन उभा राहिला. "काकाजी! खांबाजवळचे तुमीच ना? अन् मी समजलो व्हिजिलन्सचे साहेब! त्या दिवसापासून जेवण गेलं नाही मले. सारा हिशोब तपासून ठेवला!" लग्न जमत नाही हे ऐकून कुणाच्या चेहऱ्यावर इतकं सुख मी पाहिलेलं नाही. पोहेसुद्धा दोन बश्या खाल्ले त्यानं.

मग अचलपूरची मंडळी आली, पसंती झाली आणि उद्या लग्न. पण आधी रेल्वेवाल्यांना पोहे खाऊ घातले, हे अचलपूरकडे कुणाला ठाऊक नाही. कळता कामाच नये! नवरदेवाची आई फार तिखट आहे म्हणतात. एका लग्नात तिनं वरणात मीठ जास्त झालं म्हणून आचाऱ्याला पंगतीत बोलावून खायला लावलं होतं. तिला समजलं की आपल्या मुलाआधी दुसरा बोलावला होता, तर ती वरात अर्ध्या वाटेवरूनच मागे फिरवेल, असं काकू म्हणते. ताई तर दोन दिवस जेवलेली नाही धास्तीनं. म्हणून तर मी हे फक्त तुम्हाला...

"शुभे! अवं शुभे!"

काकू खालून हाक मारतेय. "आले! काय गं काकू?"

"त्या पोरींले चाहा दिला का?"

"दिला ना! इथंच बसल्यात, ताईच्या कॉलेजातल्या!"

"कॉलेजातल्या कायच्या वं? त्या तं अजून गाडीतच हायत! मी 'त्या' म्हटलं ते हळद घेऊन आलेल्या नवरदेवाच्या बहिणींले!"

अं?

म्हणजे तुम्ही... सगळ्याच? ही मघापासून पदर तोंडात धरून हसतेय, ती पण? अहो, कप ठेवू नका खाली. माझं ऐका तरी. मी ती तिखट आई म्हटलं ना, ती तुमची आई नव्हे हो. ती म्हणजे दुसरीच, ती...

"शुभे, खाली ये म्हणते ना आधी!"

आले, आले! हे बघा, ती म्हणजे आमच्या मूर्तिजापूरच्या त्या मेडिकलवाल्याची जी आई आहे ना, ती...